गुंडाळलेली झाडे

झाडांचे रूप तात्पुरते पालटून सार्वजनिक कलाकृती घडवायची झाली, तर कलावंताला पहिली अट झाडच घालते, आणि ती म्हणजे त्याच्या जगण्याला धक्का लागता कामा नये. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ, जर्मनीच्या सीमेलगत असलेल्या रीएन येथे ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत दांपत्याने १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये, पानगळीच्या अखेरीस, बेरोवर उद्यानातील आणि लगतच्या कुरणातील १७८ झाडे कापडात गुंडाळली, त्या कामात ही अट जागोजागी दिसते.

त्यासाठी निवडलेले विणलेले पॉलिएस्टर जपानमध्ये दर हिवाळ्यात हिमतुषार आणि जड बर्फापासून झाडे वाचवण्यासाठी वापरले जाते. असे ५५,००० चौरस मीटर कापड आणि २३.१ किलोमीटर दोर येथे लागला. सर्वांत उंच झाड सुमारे २५ मीटरचे, तर सर्वांत लहान जेमतेम २ मीटरचे असल्यामुळे प्रत्येक झाडाचे आवरण त्याच्या मापाने स्वतंत्रपणे बेतावे लागले, आणि ते चढवण्यासाठी दोरांच्या साहाय्याने झाडावर वावरणारे गिर्यारोहक नेमावे लागले. याच दांपत्याने १९९५ मध्ये बर्लिनमधील राइखस्टाग ही संसदेची इमारत झाकली होती. परंतु इमारत कापडाखाली निश्चल राहते, तर येथे फांद्या कापडाला आतून रेटत होत्या, वाऱ्याने आवरणे हलत होती आणि प्रकाश आरपार जात असल्याने फांद्यांची जाळी बाहेरून दिसत होती. त्यामुळे रीएनचे काम, आकाराने लहान असूनही, अधिक सजीव वाटते.

ही कल्पना मात्र जुनी होती. १९६६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे, आणि १९६९ मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझे मार्गावरील ३३० झाडांसाठी, तिला परवानगी नाकारण्यात आली होती. म्हणजे सुमारे तीन आठवड्यांच्या प्रदर्शनामागे ३२ वर्षांची प्रतीक्षा उभी होती.

झाडांचे रूप पालटणारे दुसरे कलावंत कॉन्स्टन्टिन डिमोपुलोस यांनी व्हँकुव्हर (२०११) आणि सिअॅटल (२०१२) येथे वेगळी वाट धरली. जंगलतोडीकडे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी शहरातील झाडांची खोडे व फांद्या गडद निळ्या रंगाने रंगवल्या. तो रंग निरुपद्रवी असून पावसाने हळूहळू धुऊन जातो, त्यामुळे कलाकृती उतरवण्याचे काम निसर्गावरच सोपवलेले असते.

रीएनमध्ये मात्र १४ डिसेंबरला आवरणे उतरवण्यास सुरुवात झाली आणि सामग्री पुनर्वापरासाठी गेली. ख्रिस्तो व जान-क्लोद प्रायोजक स्वीकारत नसत. प्रकल्पाआधी केलेली रेखाटने आणि कोलाज, म्हणजे कागदावर विविध वस्तू चिकटवून केलेली चित्रे, विकून ते खर्च भागवत.