चिलीच्या गोदामात सापडलेला काउबॉय

अमेरिकी दिग्दर्शक जॉन फोर्डने वयाच्या चोविसाव्या वर्षी काढलेला ‘द स्कार्लेट ड्रॉप’ (१९१८) हा मूकपट हरवला होता. हॅरी केरी हा तेव्हाचा गाजलेला काउबॉय नट त्यात नायक. चित्रपटाचे थोडेफार तुकडे तेवढे उरले होते. २०२३ मध्ये चिलीतल्या सांतियागो शहरात, पाडायला काढलेल्या एका गोदामात त्याची रिळं मिळाली.

अमेरिकेतला चित्रपट इतक्या दूर कसा टिकला? आधी तो अमेरिकेत का टिकला नाही, ते पाहू.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. स्फोटक गनकॉटन याच कुळातलं. पट्टी काचेसारखी पारदर्शक, पण मुळातच अस्थिर. उष्ण, दमट हवेत तिच्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स सुटतात, ओलाव्यात मिसळून त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेली पट्टी आणखी वेगाने खातं. हवाबंद डब्यात तर हा वायू कोंडून नासाडी वाढते. चित्र पुसट होतं, जिलेटिन चिकटतं, शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटलीच तर ती विझवणं जवळजवळ अशक्य, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. ती पाण्याखालीही जळते. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्स कंपनीचं गोदाम जळालं, त्यात टॉम मिक्स या नटाचे कितीतरी काउबॉयपट गेले. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत आपल्याकडची नायट्रेट रिळंही अशीच गेली.

आगीपेक्षा मला जास्त सलतो तो स्टुडिओंचा हिशेब. बोलपट आल्यावर मूकपटांना कोणी विचारेना. फिल्ममधली चांदी मात्र विकता येत होती. युनिव्हर्सल स्टुडिओने १९४८ मध्ये आपल्याकडचे उरलेसुरले मूकपट स्वतःच नष्ट केले. १९१२ ते १९२९ दरम्यान अमेरिकेत बनलेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात उरलेत जेमतेम १४ टक्के.

जे परदेशी गेले होते, त्यांतले काही वाचले. प्रिंट गावोगाव, देशोदेशी फिरत शेवटच्या मुक्कामी पोचेपर्यंत झिजलेली असे. ती परत पाठवण्याचा खर्च कोण करणार? तिथेच पडून राही. फोर्डचाच ‘स्ट्रेट शूटिंग’ (१९१७) १९६६ मध्ये प्राग इथल्या संग्रहात मिळाला.

असं रीळ हाती आलं की ते प्रोजेक्टरवर चढवून पाहायचा मोह आवरावा लागतो. आधी त्याची प्रत उतरवतात, मग मूळ रीळ थंड, कोरड्या जागी ठेवतात. थंडीने विघटन मंदावतं, थांबत नाही.