सर्व्हर सुरू का होत नाही?

आगगाडीचे आरक्षण असो वा परीक्षेचा निकाल, आपण संगणकावर मागणी नोंदवितो आणि क्षणात उत्तर पडद्यावर उमटते. हे उत्तर देण्यासाठी दूरच्या संगणकावर जी आज्ञावली अहोरात्र जागी असते, तिला वेब सर्व्हर म्हणतात. टॉमकॅट हा असाच एक सर्व्हर. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था त्याची निगा राखते.

टॉमकॅट स्वतःच्या बळावर चालत नाही. त्यास जावा नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीचा आधार लागतो, आणि तोही विवक्षित आवृत्तीचा. टॉमकॅट १०.१ ला जावा ११ किंवा तिच्या पुढची आवृत्ती हवी. आता, २०१४ साली निघालेली जावा ८ ज्या लिनक्स संगणकावर आहे, तेथे हा टॉमकॅट बसविला तर काय होईल? सुरू होण्याची आज्ञा देताच 'टॉमकॅट सुरू झाला' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटते. प्रत्यक्षात मात्र सर्व्हर पहिल्याच पावलास कोसळलेला असतो! हे वाक्य लिहिणारी आज्ञावली टॉमकॅटला हाक मारते आणि तो उठला की नाही, हे न पाहताच मोकळी होते. इकडे निकालाची वाट पाहणारी मुले खोळंबतात.

अशा वेळी पुनःपुन्हा तीच आज्ञा देण्यात अर्थ नाही. टॉमकॅटच्या 'लॉग्ज' या कप्प्यात 'कॅटलिना.आउट' नावाची नोंदवही असते, ती उघडावी. तीत जावाची तक्रार स्पष्ट आढळते : हा भाग ५५ क्रमांकाचा आहे, मला ५२ पर्यंतचेच वाचता येतात. जावासाठी तयार केलेल्या प्रत्येक फाइलच्या आरंभी असा क्रमांक कोरलेला असतो. जावा ८ चा क्रमांक ५२, जावा ११ चा ५५. नवीस जुने बहुधा वाचता येते; जुनीस नवे येत नाही.

नवी जावा बसवूनही कधीकधी दोष तसाच राहतो. एका संगणकावर दोन जावा सुखाने नांदू शकतात. त्यांतली कोणती घ्यावयाची, हे टॉमकॅट 'जावा होम' या खुणेवरून ठरवितो. ती खूण जुन्या घराकडेच बोट दाखवीत असेल, तर नवीकडे कोण फिरकणार? म्हणून खूण बदलावी. जुनी जावा मात्र घाईने काढू नये. दुसरे एखादे काम तिच्यावर चालत असेल.

नवी जावा बसविणे शक्यच नसेल, तर टॉमकॅट ९ घ्यावा. त्यास जावा ८ पुरते. मात्र दहाव्या आवृत्तीपासून काही अंतर्गत नावे बदलली असल्यामुळे तिच्यासाठी लिहिलेले काम नवव्या आवृत्तीवर तसेच्या तसे चालत नाही.

मग पुन्हा नोंदवही पाहावी. सर्व्हर खरोखर उठला असेल, तर उठण्यास किती मिलिसेकंद लागले, हेही तो तीत लिहून ठेवतो.