शाळेविषयी आईबापांचे मन

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पेडणे-डिचोलीकडील बायामाणसे टोपल्या घेऊन येतात. सौदा करता करता मुलांच्या शाळेची गोष्ट निघते, आणि त्या पाच मिनिटांत जे बोलले जाते ते पालकसभेत क्वचितच निघते. तेथे सारे “बरे आहे, फादर” म्हणून मोकळे होतात.

आईबापांचे मन वेळीच न जाणल्यास काय होते, हे गोमंतकाने पाहिले आहे. १९९० साली सरकारने ठरविले की, कोकणी वा मराठीतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान मिळेल. धर्मप्रांताच्या शाळांनी कोकणीचा स्वीकार केला. पण पाचवीत जाताच सर्व विषय इंग्रजीतून येत, आणि घरोघरी आयांच्या जिवाला घोर लागे. अखेर २०११ साली पालक रस्त्यावर उतरले. सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देऊ केले, तोच भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याविरुद्ध चळवळ उभारली. मुलास मातृभाषा सुलभ जाते, हे शिक्षणतज्ज्ञांचे म्हणणे आम्हांस पटते; परंतु त्या आयांची भीतीही खोटी नव्हती. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क आईबापांचा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या खटल्यात मे २०१४ मध्ये दिला.

मग हे मन मोजावे कसे? “आपण शाळेविषयी समाधानी आहात काय?” असा कागद मुलाच्या हाती धाडला, तर तो “होय” होऊनच परत येणार, तो बाईच वाचणार, हे आईला ठाऊक असते! त्यापेक्षा नाव न घालता पेटीत टाकावयाचा कागद बरा. प्रश्नही नेमका हवा : गेल्या महिन्यात शिक्षकांशी बोलणे झाले का? घरचा अभ्यास तुम्हांला समजतो का? मूल सकाळी शाळेत जावयास कुरकुरते का? जिला वाचता येत नाही, तिला परक्या माणसाने घरी जाऊन विचारावे. आणखी एक. बाप जहाजावर, आई बाजारात, अशा घरांतून कागद परतच येत नाही. किती कागद आले नाहीत, हेही लिहून ठेवावे. नाहीतर सभेला येणाऱ्यांचेच मत सर्वांचे ठरते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे. अनुदानित शाळांत मात्र ही समिती केवळ सल्ला देते. म्हणूनच पेटी उघडल्यावर काय निघाले आणि त्यातील काय बदलले, हे शाळेने पालकांना सांगितलेच पाहिजे. ते न सांगितल्यास पुढच्या वर्षी पेटी रिकामीच राहील.