घरचं विमान, भाग ९ : पंखांना फुटले पंख

रडरवर विमान गोल फिरवता यायला लागलं की दोन-तीन रविवारांत हात शिवशिवू लागतात. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या गल्लीतली पोरं मग दारात येऊन विचारतात, "काका, आता एलेरॉन लावू या ना?" लावू या. पण एलेरॉन लावले की विमान आपोआप चपळ होतं, असं जे यांच्या डोक्यात असतं, ते आधी काढावं लागतं. नुसते लावले तर बऱ्याचदा ते आधीपेक्षा वाईट उडतं.

आपल्या शिकाऊ विमानाचे पंख मधून टोकांकडे वर उचललेले आहेत. गल्लीत आम्ही त्याला नुसतं 'व्ही' म्हणतो. उजवा रडर दिला की नाक उजवीकडे वळतं, पण विमान अजून जुन्याच दिशेने जात असतं. त्यामुळे हवा तिरकी होऊन डाव्या बाजूने येते. डावा पंख वर उचललेला असल्याने तिरकी हवा त्याला खालून लागते, त्याची उचल वाढते आणि विमान उजवीकडे झुकतं. म्हणजे रडर फक्त खूण करतो, झुकवण्याचं काम व्ही करते. वाऱ्याच्या झोतात एक पंख पडला की त्याला सावरणारीही तीच.

आता एलेरॉन. उजवीकडे झुकायचं म्हणून उजव्या पंखाची मागची पट्टी वर आणि डाव्याची खाली. डाव्या पंखाची उचल वाढली, विमान उजवीकडे झुकू लागलं. पण उचल फुकट मिळत नाही. जास्त उचलणारा डावा पंख हवेत जास्त अडतो, मागे राहतो, आणि नाक नेमकं डावीकडे जातं. नाक डावीकडे गेलं की हवा उजवीकडून तिरकी येते, आणि व्ही इमानेइतबारे उजवा पंख उचलते. तुम्ही उजवीकडे झुकवताय, ती डावीकडे. एका जोखडातले दोन बैल दोन दिशांना ओढताहेत, आणि मध्ये तुमचं विमान लटपटत चाललंय.

म्हणून पट्ट्या कापण्याआधी व्ही कमी करायची. एक पंख टेबलावर सपाट दाबा आणि दुसऱ्याचं टोक टेबलापासून किती वर आहे ते मोजा. एक मीटर पंखविस्ताराच्या आपल्या विमानात ते साधारण १० सेंटिमीटर भरतं. ते ४ वर आणा. पार सपाट करू नका. थोडी व्ही ठेवली तर घाबरून बोटं सोडल्यावर विमान तुम्हाला सांभाळून घेईल. पंख मधोमध कापा, कडा घासून नवा कोन द्या, आणि सांध्यात ३ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा आडवा बसवा. उल्हासनगरात फर्निचरवाल्यांकडे असे तुकडे भुशाच्या ढिगात पडलेले असतात, मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. गिरकीत सगळं वजन या सांध्यावर येतं, तेव्हा इथे कंजूषपणा नको. थर्माकोलचा पंख असेल तर गोंद पांढरा, पाण्यातला. झटपट चिकटणारे गोंद थर्माकोल खाऊन टाकतात.

पट्ट्या प्रत्येकी ३० सेंटिमीटर लांब आणि ४ रुंद. आपल्या पंखाची रुंदी १८ आहे, म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त. त्या टोकाकडे घ्या. मध्यापासून जितकं लांब, तितका झुकवण्याचा जोर जास्त. पण अगदी टोकाची २-३ सेंटिमीटर सोडा, उतरताना आधी तीच घासतात. कापायला मी शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातली स्टीलची लांब पट्टी आणि शिंप्याचा खडू उसना आणतो. कटरचं पान नवं घ्या, बोथट पानाने फोमचे दाणे उपटून येतात. पट्टीची पुढची कड खालच्या अंगाने ४५ अंशांत तासा, नाहीतर ती खाली वळणारच नाही. वरच्या अंगाने चिकटपट्टी लावली की बिजागरी झाली. मग पट्टी पूर्ण वर दुमडून आतूनही एक फीत लावा.

फ्रेंचमध्ये एलेरॉन म्हणजे छोटा पंख. इंग्लंडमध्ये मॅथ्यू बोल्टन या गृहस्थाने याचं पेटंट १८६८ मध्येच घेतलं होतं, विमान उडण्याआधी ३५ वर्षं. राइट बंधू १९०३ मध्ये उडाले ते मात्र तारांनी अख्खे पंख पिळून. पुढे कर्टिस नावाचा दुसरा अमेरिकन वेगळ्या पट्ट्या लावून उडू लागला, तेव्हा हीही आमचीच कल्पना म्हणत राइट बंधू कोर्टात गेले. आपल्याला कोर्टाची भीती नाही, सर्व्होची आहे.

सर्व्हो दोन, ९ ग्रॅमचे. पंखाच्या खालून, पट्टीच्या मध्याच्या थोडे पुढे, फोममध्ये खाच करून आडवे बसवा. दोघांचे दांडे आपापल्या पंखटोकाकडे तोंड करून हवेत. असं आरशातल्या प्रतिमेसारखं बसवलं की एकाच वाय-केबलवर, एकाच इशाऱ्याने, एक हात पुढे जातो आणि दुसरा मागे. दोन्ही दांडे एकाच बाजूला वळवले तर दोन्ही पट्ट्या एकत्र खाली येतात, आणि तुम्ही एलेरॉनऐवजी फ्लॅप बनवलेत. सर्व्हो आता दोनाचे चार झाले. ते मोटरचा वेग ठरवणाऱ्या ईएससीतून वीज घेतात, तेव्हा तिच्यावर ५ व्होल्टला किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. २ असतील तर जमिनीवर रिमोटच्या सगळ्या काड्या एकदम हलवा आणि ती तापते का ते हात लावून पाहा.

नाक उलट जाण्याची खोड व्ही कमी केल्यानेही जात नाही. तिच्यावर उपाय आहे: वर जाणारी पट्टी जास्त हलू द्यायची, खाली जाणारी कमी. आपल्याकडच्या हवाई दलाने आणि फ्लाइंग क्लबांनी ज्यावर पिढ्या शिकवल्या, त्या टायगर मॉथचे एलेरॉन असेच होते. खाली ते जेमतेमच जात. आपण १२ मिलिमीटर वर आणि ७ खाली ठेवू. त्यासाठी सर्व्होचा हात सरळ खाली न ठेवता एक-दोन दाते पुढे, पंखाच्या पुढच्या कडेकडे कलता बसवा. पट्टीचा हॉर्न, म्हणजे तार अडकवायचा कान, खालून असेल तरच हे लागू. सर्व्होपासून हॉर्नपर्यंतची तार १ मिलिमीटरची पुरे, एका टोकाला झेडचा वाक.

रिसीव्हरपाशी आले की बहुतेक जण फसतात. आजवर रडर पहिल्या चॅनलवर होता, उजव्या अंगठ्याने वळता यावं म्हणून. फ्लायस्कायसारख्या रिमोटवर ती जागा एलेरॉनची. रडरची पिन चौथ्या चॅनलवर न्या. म्हणजे इतके दिवस नुसता थ्रॉटल धरून बसलेला डावा अंगठा आता कामाला लागला. वळताना थोडा रडर त्याच बाजूला द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एक्स्पो, म्हणजे काडी मध्याजवळ असताना पट्ट्या हळू हलवणारी रिमोटची सेटिंग, ३० टक्के ठेवा.

माझं पहिलं एलेरॉनवालं विमान चार सेकंद उडालं. पट्ट्या उलट्या हलत होत्या. घरी तपासल्या होत्या, पण विमानाचं तोंड माझ्याकडे करून. डावीकडे पडत होतं म्हणून उजवी काडी दिली, ते आणखी डावीकडे पडलं, आणखी दिली, आणि बांधावर आपटलं. तेव्हापासून विमानाच्या मागे उभा राहतो, काडी उजवीकडे नेतो आणि स्वतःशी मोठ्याने म्हणतो, "उजवी वर." लोक बघतात. बघू देत.

जागेबद्दल दर आठवड्याला एक तरी विचारतोच: काका, नेवाळीची धावपट्टी एवढी जवळ आहे, तिथे का नको? दुसऱ्या महायुद्धात आपलं हे गाव लष्करी छावणी होतं, ती धावपट्टी त्याच काळातली. पण ती जमीन नौदलाच्या ताब्यात आहे, आणि तिच्यावरून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं होतं. तिथे नको. अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने, तिथेही नको. ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवी जागा पाहा, आणि तिथेही नजरेच्या टप्प्यात, १२० मीटरच्या खालीच. आम्ही भातकापणीनंतर बदलापूरच्या पुढे जातो, शेतमालकाला विचारून. पहाटेची लोकल पकडायची, कारण दुपारी खारा वारा सुटला की नव्या विमानाची काही खैर नाही.

पहिल्या उड्डाणात वर गेल्यावर लगेच काडी हलवू नका. विमान एका बाजूला कलतंय का पाहा, ट्रिमने सरळ करा, दोन मोठ्या फेऱ्या मारा आणि उतरवा. मग ट्रिमवर सरळ झालेल्या पट्ट्या कुठे उभ्या आहेत त्याची पेन्सिलीने पंखावर खूण करा, ट्रिम शून्यावर आणा, आणि तारेची लांबी कमी-जास्त करून पट्ट्या त्याच खुणेला जुळवा. यात दहा मिनिटं जातात. तोवर दुसऱ्या कोणाला तरी उडवू द्या.