'हीड' म्हणजे वुड की हॅड?

बोलत्या इंग्रजीत सर्वनामाला सहायक क्रियापद असं चिकटतं की ऐकणाऱ्याची पंचाईत होते. 'आय विल'चं 'आइल', 'दे वुड'चं 'देड'. कॅन, मे, मस्ट मात्र लिहिताना असे जोडले जात नाहीत.

खरी गोम 'हीड'मध्ये आहे. ते 'ही वुड' असू शकतं, 'ही हॅड'ही. पुढचा शब्द बघायचा: 'हीड गो' असेल तर वुड, 'हीड गॉन' असेल तर हॅड. 'यूड बेटर गो' हा अपवाद. पुढे 'गो' असूनही तिथे हॅडच आहे, आणि अर्थ भूतकाळाचा नाही. 'आता निघालेलं बरं' असा, जरा दटावणीचा.

होकारार्थी वाक्य अशा जोडरूपावर संपत नाही. 'विल यू कम?' असं कोणी विचारलं, तर 'येस, आइल' नको, 'येस, आय विल' असं पूर्ण उत्तर द्या.