न्यूयॉर्कला जायचं, तर मॉस्कोवरून

मुंबईहून थेट न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत बसणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. न्यूयॉर्क पश्चिमेला, मग ही रेघ एवढी उत्तरेला का चढली आहे? शेजारचा प्रवासी छातीठोकपणे सांगतो, ‘समुद्र टाळतात हो! इंजिन बंद पडलं तर उतरायला विमानतळ नको का?’ हे अगदीच खोटं नाही. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून किती लांब जावं, याचे नियम आहेतच. पण रेघ वाकडी दिसते ती त्यामुळे नव्हे.

घरात शाळकरी मूल असेल तर पृथ्वीचा गोलही कुठेतरी धूळ खात असेल. तो काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या. दोरा सैल असेपर्यंत अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून नेता येतो. ताणू लागलात की तो घसरत उत्तरेला सरकतो, आणि पुरता ताणला की चक्क मॉस्कोवर जाऊन बसतो. तिथून नॉर्वे, मग आइसलँडच्या थोडं अलीकडे, ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास त्याचं सर्वांत उत्तरेचं ठिकाण. पुढे ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला घासून तो लॅब्राडोरमार्गे खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मारलेल्या सरळ रेघेने गेलात, तर ते भरतं सुमारे १४,२००. म्हणजे सरळ दिसणारा रस्ता जवळजवळ दोन तासांनी लांबचा!

ताणलेला दोरा म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा. गोल केंद्रातून बरोबर अर्धा कापला की कापाच्या कडेला जे वर्तुळ मिळतं, ते बृहद्‌वृत्त. शाळेत आपल्याला त्याचं उदाहरण म्हणून विषुववृत्त दाखवतात आणि तिथेच थांबतात. खरं तर अशी वर्तुळं हव्या त्या दिशेने, हवी तेवढी काढता येतात. बाकीची अक्षवृत्तं मात्र बृहद्‌वृत्तं नाहीत. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत, तरी त्या अक्षवृत्तावरून गेलं तर सुमारे ५,९५० किलोमीटर होतात आणि ४६ अंशांपर्यंत उत्तरेला चढून उतरलं तर सुमारे ५,७६०.

याहून गमतीची गोष्ट होकायंत्रात दिसते. आपल्या दोऱ्यावरून जायचं, तर मुंबई सोडताना विमानाचं नाक उत्तरेच्या जेमतेम २७ अंश डावीकडे असतं. आइसलँडजवळ ते ठीक पश्चिमेला असतं, आणि न्यूयॉर्क येईतो नैऋत्येला, तेही दक्षिणेकडे झुकलेलं. दिशा इतकी बदलूनही वाटेत विमान डावीकडे वळलेलं नसतं. ते सरळच जात असतं. ध्रुव मात्र आधी समोर, मग उजव्या हाताला, मग मागे जातो.

खलाशाला नेमकं हेच नको होतं. त्याला एक दिशा पकडून दिवसचे दिवस जहाज हाकायचं होतं. फ्लेमिश नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये त्याची सोय केली: होकायंत्रावर एकच दिशा धरली, तर ती वाट नकाशावर सरळ रेघ. त्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश ताणावा लागला. ६० अंशांवर प्रत्येक लांबी दुप्पट दिसते. आफ्रिका ग्रीनलँडच्या चौदापट मोठी, पण या नकाशावर दोन्ही तोडीस तोड वाटतात. ग्रीनलँडजवळून जाणारी जवळची वाट म्हणूनच तिथे फुगून कमान होते. दक्षिण गोलार्धात कमान उलटी: सिडनी–जोहान्सबर्ग मार्ग अंटार्क्टिकाकडे झुकतो. मर्केटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने नकाशा जहाजांसाठी केला होता.

विमानं खरोखरीचे वळसेही घालतात, पण ते राजकारणामुळे नाहीतर वाऱ्यामुळे. आपला दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशियावरून जातो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि त्यांना अरबी समुद्रावरून फिरून जावं लागलं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर फिनएअरची हेलसिंकी–टोकियो विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली; साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला.

वाऱ्याचं गणित आणखी निराळं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ पासून ते पूर्वेला, पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर १,४०० किलोमीटरने वाढलं, पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा वारा पाठीशी आला आणि विमान जवळपास दोन तास आधी पोचू लागलं.