अक्षरांची मालकी

शिशाचा खिळा विकत घेतला की तो छापखान्याचा झाला. निर्णयसागरच्या जावजी दादाजींचे खिळे नेणाऱ्याला, तुम्ही त्यांनी पंचांग छापणार की लावणी, असे कोणी विचारीत नसे. संगणकावरच्या अक्षरांचे तसे नाही. तिथे अक्षरे मिळत नाहीत, मिळतो तो ती वापरण्याचा परवाना; आणि परवाना म्हटला की अटी आल्याच.

मराठीच्या अध्यापकाला ही उठाठेव कशाला, असे वाचक म्हणतील. परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी हे नरसिंहाचे गाव लागते. तिथल्या वृद्ध बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी आणि माझे विद्यार्थी उतरवून घेत होतो. पहिली शंभरेक पाने एका दुकानात टंकून घेतली. त्या दुकानाच्या यंत्रावर ती सुरेख दिसत. दुसरीकडे उघडली की ओवीच्या जागी कंस, टिंबे आणि रोमन अक्षरे यांची खिचडी! तिथे तो फॉन्ट नव्हता, आणि उचलून द्यावा तर परवान्यात बसत नव्हते. ओव्या सांगणाऱ्यांतल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, पुण्याला माझ्या लेकीला दिसंल का ह्ये?"

निम्मे उत्तर युनिकोडने दिले. १९९१ पासून देवनागरी त्यात आहे, आणि त्यातला मजकूर यंत्र बदलले तरी मराठीच राहतो. पण पुस्तक करायचे तर अक्षरांना रूप हवे, आणि ते रूप सर्वांना वाटता यायला हवे. त्या शोधात 'लोहित' भेटला.

लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट, म्हणजे 'तांबडी टोपी', या कंपनीने भारतीय लिप्यांसाठी खुले केलेले हे फॉन्ट. तेव्हा नाव मोठे चपखल. अक्षरे पुरवली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. आरंभी त्यांना 'जीपीएल' परवाना होता. घ्या, बदला, वाटा. मात्र बदललेले वाटाल तर तेही याच अटींवर खुले ठेवा, हे त्याचे सूत्र. रिचर्ड स्टॉलमन यांनी ते योजिले प्रोग्रॅमांसाठी. पण पुस्तकाची पीडीएफ करताना फॉन्टचा अंश तिच्या पोटात जाऊन बसतो. मग ते पुस्तकही त्याच अटींखाली आले काय? शंका पोकळ नव्हती. स्टॉलमन यांच्या संस्थेनेच फॉन्टांसाठी अपवादाचे निराळे कलम सुचविले आहे. आजींच्या ओव्यांवर फॉन्टच्या अटी चढाव्यात, हे कोणाला रुचेल?

सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलला आणि त्याला 'ओपन फॉन्ट लायसन्स' मिळाले. त्यात साफ म्हटले आहे की, फॉन्ट वापरून केलेल्या लेखनाला या अटी लागू नाहीत. नुसता फॉन्ट विकता येत नाही. फॉन्टमध्ये फेरफार केला तर नवा फॉन्टही याच परवान्याखाली द्यावा लागतो. जीपीएल सोडणे म्हणजे तत्त्वाला ढिलाई, असे मानणारे आहेत. मला ते पटत नाही. गाठ सैल झाली ती पुस्तकापुरती. अक्षरांपुरती ती आहे तशीच घट्ट आहे. आणि ती हवीच. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण, 'वाऱ्या'तला तो आडवा र, हे आपल्या रीतीने कोणी सुधारले, तर ती सुधारणा पुन्हा सर्वांची होते.

असा बदल करायचा तर हक्कदारांची संमती लागते. हक्क थोड्या हातांत असले की काम सोपे. हजारो हातांनी उभारलेल्या गोष्टीत ते केवढे जिकिरीचे! 'ओपनस्ट्रीटमॅप' हा जगाचा नकाशा लोकांनी गावोगाव हिंडून रेखाटला. त्याचा परवाना २०१२ साली बदलला, तेव्हा रेखाटणाऱ्या प्रत्येकाला विचारावे लागले. ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच धाडले नाही, त्यांचे काम नकाशातून काढावे लागले. कित्येक रस्ते इतरांना पुन्हा नव्याने रेखाटावे लागले.

आमच्या ओव्या आता लोहितमध्ये आहेत. पीडीएफसोबत फॉन्ट दिला तर परवान्याचा मजकूरही जोडावा लागतो. तो इंग्रजी कागद ओव्यांच्या शेजारी जरा उपराच दिसतो. पुण्याच्या लेकीने आईच्या ओव्या फोनवर वाचल्या, आणि एका ओवीत मामाचे नाव चुकल्याचे कळविले. जुनी शंभर पाने मात्र पुन्हा टंकायची आहेत. त्यांतली चाळीस झाली.